वाटसरू आणि वेस

अमेरिकेच्या पूर्वभागांतील डोंगरांतून एक पायवाट जाते. मेनपासून जॉर्जियापर्यंत सुमारें २,२०० मैल लांबीची ही वाट १९३७ सालीं पुरी झाली, आणि दरसाल कित्येक माणसें पाठीवर ओझें घेऊन ती चालत असतात. या वाटेवर एक मोठी गोड चाल पडली आहे. कोणी वाटेच्या कडेला पाण्याचे डबे ठेवून जातो, कोणी फळांची पिशवी झाडाला टांगतो, कोणी थकलेल्या पांथस्थाला मोटारींत घालून घरीं नेतो आणि न्हाऊं-जेवूं घालतो. तिकडे अशा माणसांना वाटेवरचे देवदूत म्हणतात. पाणपोई, अन्नछत्र आणि धर्मशाळा यांच्या देशांत जन्मलेल्या आपल्यासारख्यांना हें ऐकून थोडें हंसूं येणें स्वाभाविक आहे. यांत नवल तें काय, असें आपण म्हणूं.

परंतु 'हें आमच्याकडे पूर्वींपासून आहे' एवढें म्हणून स्वस्थ बसण्यानें इतिहासाचें काम भागत नाहीं. कोणीं कोणाला वाट दाखविली, कोणीं कोणाला पाणी दिलें आणि कोणाला दिलें नाहीं, याची चौकशी केली पाहिजे. आज ही चौकशी मी मुख्यतः एका वाटेच्या निमित्तानें करणार आहें. वर्ध्याकडून निघून यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वभागांतून पैनगंगा ओलांडून आदिलाबादेला जाणारी ती वाट.

यवतमाळ जिल्हा दोन नद्यांच्या कवेंत आहे. ईशान्येकडून वर्धा वाहते, दक्षिणेकडून पैनगंगा. मध्यें काळी कपाशीची जमीन, उघडे माळ आणि सागाचीं रानें. इंग्रजी अमलांत या मुलखाला आधीं वणी जिल्हा म्हणत. १९०५ सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हां पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि यवतमाळ हें नांव रूढ झालें. कुणबी शेतकऱ्यांच्या जोडीला गोंड, कोलाम, परधान आणि लमाण यांची येथें जुनी वस्ती. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता याच मुलखांतून, पांढरकवड्यावरून, पाटणबोरीवरून जातो. आगगाडी येण्यापूर्वीं उत्तर आणि दक्षिण यांच्यामधील जाणें-येणें अशाच रस्त्यांनीं चाले. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून नेणारे लमाणांचे तांडे, पलटणी, सावकारांचे जासूद, गोसावी, फकीर आणि गंगेची कावड खांद्यावर घेतलेले यात्रेकरू, सर्वांना वाट एकच.

अशा वाटेवर मुक्कामाला टेकलेल्या माणसाची सोय कोण करी? आपली भाषाच याचें अर्धें उत्तर देते. शिदोरी हा शब्द घरून बांधून घेतलेल्या अन्नाचा. पण ती संपल्यावर काय, याच्यासाठींहि आपल्याकडे शब्दांची वाण नाहीं. भिक्षा, माधुकरी, सदावर्त, अन्नछत्र, पाणपोई, पार, ओसरी, धर्मशाळा. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेला लागून, पैनगंगेच्या पलीकडे, माहूरगड उभा आहे. दत्तात्रेय रोज काशीला स्नान करतो, कोल्हापुरांत भिक्षा मागतो आणि माहुरीं निद्रेला येतो, अशी श्रद्धा आहे. देवाला रोज शेंकडों कोस चालावयास लावणारी आणि परक्याच्या दारीं हात पसरावयास लावणारी ही कथा ज्या समाजानें रचली, त्यानें भिक्षेकऱ्याकडे तुच्छतेनें पाहूं नये यासाठीं मोठाच बंदोबस्त करून ठेवला होता, असें मला वाटतें. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींनीं महानुभाव संन्याशांस सतत अटन करण्याची आणि चारी वर्णांच्या दारीं भिक्षा मागण्याची आज्ञा दिली. ज्या काळीं कोणाच्या हातचें खावें याचे नियम जन्मापासून मरणापर्यंत पाठ होते, त्या काळीं ही आज्ञा सोपी नव्हती. खाणाराला नव्हती आणि घालणारालाहि नव्हती.

पायीं प्रवासाचा आपल्या भाषेंतील सर्वांत जिवंत वृत्तांत म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. वरसईचे हे गरीब भिक्षुक १८५७ सालीं दक्षिणा मिळविण्यासाठीं उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यांत सांपडले. मिळविलें तें त्यांनीं वाटेंत लुटारूंच्या हातीं गमावलें. तरी गंगेची कावड मात्र घरीं आणून आईबापांस स्नान घातलें. त्यांना वाटेंत ठिकठिकाणीं आसरा मिळाला, हें खरें. पण तो बहुतेक ब्राह्मणाला ब्राह्मणाच्या घरीं मिळालेला आसरा होता. अनोळखी माणूस पुरता अनोळखी नसे. गोत्र, शाखा, गांव, आडनांव यांच्या दोऱ्याला धरून तो कोठेंतरी नात्यांत ओढला जाई, आणि मगच पाट मांडला जाई.

जेथें असा दोरा नसे, तेथें परक्याच्या गोड बोलण्याची धास्तीहि असे, आणि ती अगदीं साधार होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ठगांच्या टोळ्या हिंदुस्थानभर आणि आपल्या दख्खनच्या रस्त्यांवरहि वावरत. त्यांचें हत्यार रुमाल होतें असें आपण म्हणतों. पण रुमालाच्या आधीं त्यांचें खरें हत्यार सौजन्य हें होतें. एकट्या वाटसरूची विचारपूस करावी, चोरांची भीति घालून सोबत द्यावी, आपल्या पंक्तीला बसवावें, दोन मुक्काम त्याचें ओझें वाहावें आणि तिसऱ्या मुक्कामाला त्याचा गळा आवळावा. स्लीमन यांनीं १८३० नंतरच्या दशकांत या टोळ्यांचा बीमोड केला, आणि हैदराबादच्या मुलखांत नोकरी केलेल्या मेडोज टेलर यांनीं १८३९ सालीं या विषयावर लिहिलेली कादंबरी विलायतेंत घरोघर वाचली गेली. रस्त्यावरच्या परक्या माणसावर विश्वास टाकणें ही आपण समजतों तितकी पुरातन गोष्ट नाहीं. ठगांच्या काळीं तसें करणें जिवावर बेतण्यासारखें होतें.

आतां गांवाच्या वेशीकडे येऊं. जुन्या गांवांत परका माणूस आला म्हणजे त्याला प्रथम कोण भेटे? पाटील नव्हे, पटवारी नव्हे. प्रथम भेटे तो वेसकर महार. वेशीची राखण त्याच्याकडे. आला-गेला कोण याची वर्दी त्यानें चावडीवर द्यावयाची, सरकारी माणसाचें ओझें पुढच्या गांवच्या शिवेपर्यंत वाहावयाचें, वाटसरूला वाट दाखवावयाची. शिवेच्या खुणा त्याला पाठ; जमिनीच्या तंट्यांत त्याची साक्ष मोलाची. म्हणजे आपल्या इतिहासांतील हजारों प्रवाशांना अंधाऱ्या रात्रीं, पावसांत, रानांतून सुखरूप पार नेणारा जो वाटाड्या, तो बहुधा हाच. त्याचें नांव कोणत्याहि प्रवासवर्णनांत सहसा सांपडत नाहीं. आणि हाच माणूस स्वतः वाटसरू होऊन परगांवीं गेला, म्हणजे त्याला ओसरी नसे, पंगत नसे आणि विहिरीवर पायहि ठेवतां येत नसे. त्यानें केलेल्या कामाला त्याचें कर्तव्य म्हणत. तेंच काम पाटलानें केलें तर त्याला औदार्य म्हणत.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत फिरस्त्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि दारोदार मागत हिंडणारांचा भार शेवटीं शेतकऱ्याच्या खळ्यावर कसा पडतो, हें त्यांनीं परखडपणें मांडलें आहे. आत्र्यांचीं खेडीं पश्चिमेकडचीं, वऱ्हाडचीं नव्हत. पण ठोकळ मानानें चित्र तेंच. शहरांत बसून खेड्याच्या अगत्याचे गोडवे गाणारांनीं हें प्रकरण अवश्य वाचावें. अगत्य फुकट नसतें. कोणाच्या तरी कणगींतलें धान्य त्यापायीं कमी होतें.

आणि ज्याला अगत्य मिळालें नाहीं त्याची साक्षहि काढली पाहिजे. ती आपल्याच भाषाप्रदेशांतील आहे. १९०१ सालीं साताऱ्याहून कांहीं मुलें गोरेगांवीं नोकरीस असलेल्या आपल्या वडिलांना भेटावयास निघालीं. मसूर स्टेशनावर उतरलीं तेव्हां त्यांना न्यावयास कोणी आलेलें नव्हतें. नीटनेटक्या पोषाखांतलीं मुलें पाहून स्टेशनमास्तरांनीं आस्थेनें चौकशी केली. पण आम्ही महार, असें उत्तर कानीं पडतांच ते मागें सरले. गाडीवाले भाडें घेईनात. शेवटीं दुप्पट भाडें देऊन, गाडी मुलांनींच हांकावी या अटीवर, एक गाडी मिळाली. बरोबर खाण्याचे पदार्थ भरपूर होते. पण वाटेंत पाणी कोणी देईना, आणि पाण्यावांचून तें अन्न घशाखालीं उतरेना. नाक्यावरच्या माणसाला आपण मुसलमान आहों असें खोटें सांगूनहि पाणी मिळालें नाहीं. सारी रात्र तशीच गेली. त्या मुलांतील एक मुलगा नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर हा होता, आणि हा प्रसंग पुढें त्यांनीं आपल्या आठवणींत लिहून ठेवला. अतिथि देवासमान मानणाऱ्या देशांत लहान मुलें रात्रभर तहानेलीं राहिलीं, ही हकीगत मी मुद्दाम सविस्तर सांगितली. कारण ती ध्यानांत ठेवल्याशिवाय यवतमाळच्या वाटेवर १९५१ सालीं जें घडलें त्याचा अर्थ लागत नाहीं.

त्या सालच्या मार्च महिन्यांत सेवाग्रामला विचारविनिमय चालला होता. हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन भरावयाचें होतें. विनोबा भावे पवनारच्या परंधाम आश्रमांत शेतींत रमले होते; पैशाशिवाय जगण्याचा, म्हणजे कांचनमुक्तीचा, त्यांचा प्रयोग चालू होता आणि संमेलनाला जाण्याचा विचार नव्हता. शंकरराव देव यांनीं फारच आग्रह धरला. तेव्हां विनोबा म्हणाले, येतों, पण पायीं येतों. ता. ८ मार्चला ते थोडक्या सोबत्यांसह निघाले. वय पंचावन्न, पोटाचा जुना विकार, आहार मुख्यतः दूध-दह्याचा. अंतर सुमारें ३०० मैल. रोजचे सरासरी दहा मैल. पहांटेच्या अंधारांत निघावें, ऊन चढण्यापूर्वीं पुढचें गांव गांठावें, दुपारीं लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकावीं, सायंकाळीं प्रार्थना आणि चार शब्द, असा क्रम.

वर्ध्याहून आदिलाबादेकडे जाणारी वाट वर्धा नदी ओलांडली कीं यवतमाळ जिल्ह्यांत शिरते. मार्च म्हणजे वऱ्हाडांत कपाशी वेंचून झालेली, शेतें उघडीं, पळस फुललेला, मोहाचा वास सुटलेला आणि सकाळीं नऊनंतर ऊन चटके देणारें. त्या वेळीं हा जिल्हा मध्यप्रदेश राज्यांत होता आणि पैनगंगेपलीकडे हैदराबाद राज्य होतें. तेथें १९४८ सालच्या कारवाईला तीन वर्षेंहि झालीं नव्हतीं आणि तेलंगणांत जमिनीसाठीं रक्त सांडत होतें. या वाटेवर निवारा आणि अन्न यांची सोय गांवोगांवचे लोक करीत. विनोबांचें नांव तोंवर आजच्यासारखें घरोघर गेलेलें नव्हतें. १९४० सालीं गांधीजींनीं त्यांस पहिले वैयक्तिक सत्याग्रही निवडलें तेव्हां शहरांतील शिकलेल्यांना तें ठाऊक झालें. खेडुतांना दिसला तो पायीं चालत आलेला एक दाढीवाला फकीर, आणि अशा माणसाला काय द्यावयाचें असतें हें त्यांना शिकवावें लागलें नाहीं.

येथें पाहुण्याच्या बाजूचाहि विचार करूं. कारण घेणें हीहि एक विद्या आहे. गांधीजींनीं १९३० सालीं साबरमतीहून दांडीपर्यंत २४१ मैलांची यात्रा केली, तेव्हां वाटेवरच्या गांवांनीं अगदीं साधें अन्न द्यावें, असें आधींच कळविलें होतें. तरीहि सुरतेजवळ भाटगांव येथें ता. २९ मार्चला त्यांस आपल्याच लोकांवर जाहीर कोरडे ओढावे लागले. दूध सुरतेहून मोटारीनें आणलें होतें, आणि रात्रीच्या चालीसाठीं प्रखर दिवे मजुरांच्या डोक्यावर देऊन त्यांना पळविलें जात होतें. गांवकऱ्यांच्या प्रेमाच्या नांवाखालीं मजुराच्या मानेवर ओझें! वेसकर महाराची आठवण येथें झाल्याशिवाय राहत नाहीं. पाहुण्यानें काय नाकारावें हें त्या दिवशीं स्पष्ट झालें. विनोबांच्या पुढच्या चालण्याला या धड्याचा आधार होता असें मी समजतों.

ता. ७ एप्रिलला विनोबा शिवरामपल्लीला पोंचले. संमेलन आटोपल्यावर ते परत न फिरतां तेलंगणांत शिरले आणि ता. १८ एप्रिलला नलगोंडा जिल्ह्यांतील पोचमपल्लीला आले. तेथील हरिजन वस्तींतील सुमारें ४० कुटुंबांनीं पोटापुरती ८० एकर जमीन मागितली. विनोबांजवळ ती नव्हती. त्यांनीं जमलेल्या गांवकऱ्यांसच विचारलें, आणि रामचंद्र रेड्डी यांनीं उभें राहून १०० एकर देऊं केली. ही हकीगत शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक आहे. म्हणून मी तिच्यावर रेंगाळत नाहीं. तेलंगणांतल्या ५१ दिवसांत सुमारें १२ हजार एकर जमीन मिळाली.

मला लक्ष वेधावयाचें आहे तें दुसऱ्याच एका गोष्टीकडे. सहा आठवड्यांपूर्वीं वर्धा ओलांडलेला वाटसरू महिनाभर परक्यांच्या भाकरीवर चालला होता. त्यानें मागण्याची रीत तीच ठेवली. जुन्या भिक्षुकाप्रमाणें दारांत उभा राहिला. पण मागणें बदललें, आणि कोणासाठीं मागावयाचें तेंहि बदललें. भाकर मागणारा आपल्यासाठीं मागतो; यानें वेशीबाहेरच्या माणसासाठीं जमीन मागितली. ज्या वेसकरानें पिढ्यान् पिढ्या परक्यांस वाट दाखविली, त्याचा हिशेब जणूं एक वाटसरू चुकता करूं पाहत होता. पुढें विनोबा सांगूं लागले, तुम्हांस पांच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वांटा द्या. शंकराचार्यांच्या वचनाचा आधार घेऊन दान म्हणजे उपकार नव्हे, योग्य विभाजन होय, असा अर्थ ते लावीत. अतिथि म्हणून आलेल्या माणसानें वारस म्हणून हक्क सांगावा, ही कल्पना आपल्या अतिथिधर्मांत कोठेंहि बसत नव्हती. ती विलक्षण होती आणि पुष्कळांना रुचलीहि नाहीं.

हिशेब मात्र पुरता चुकता झाला नाहीं. तेरा वर्षें विनोबा देशभर चालत राहिले. भूदानाचे आंकडे ४० लाख एकरांच्या वर गेले. परंतु त्यांतली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ तंट्यांत अडकली, पुष्कळ वांटलीच गेली नाहीं. दात्याच्या मर्जीवर अवलंबून राहणारा हक्क हा हक्कच नव्हे, असा आक्षेप त्या काळींच घेतला गेला, आणि तो मला आजहि बिनतोड वाटतो. महाराष्ट्रांत जमीनधारणेवर मर्यादा घालणारा कायदा १९६१ सालीं झाला, तो या आक्षेपाच्याच दिशेनें. तरी कायद्याला वेशीपर्यंत येण्यास दहा वर्षें लागलीं आणि एक वाटसरू त्याच्या आधीं येऊन गेला, एवढें श्रेय त्याला द्यावें लागेल.

विनोबांच्या चालण्याचें एक दूरचें फळ येथेंच सांगतों. १९६२ सालीं सतीशकुमार आणि प्रभाकर मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधासाठीं दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टन येथें जावयास पायीं निघाले. विनोबांनीं त्यांस सांगितलें, बरोबर पैसा घेऊं नका. पैसा असला म्हणजे थकलेला माणूस खानावळींत जाऊन झोंपतो. नसला म्हणजे त्याला कोणाचें तरी दार ठोठवावें लागतें आणि बोलावें लागतें. ते पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण ओलांडून सोविएत मुलखांत गेले. तेथें चहाच्या एका कारखान्यांतील कामकरी बाईनें त्यांच्या हातीं चहाच्या चार पुड्या दिल्या: चार अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या पुढाऱ्यांना द्या, आणि बाँबचें बटण दाबण्यापूर्वीं एक पेला चहा घ्यावयास सांगा. त्या पुड्या त्यांनीं चारी राजधान्यांपर्यंत वाहून नेल्या.

आपल्या यवतमाळच्या वाटेला आज राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणतात. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा हा रस्ता पांढरकवडा आणि पाटणबोरी यांवरून पैनगंगा ओलांडतो. मालमोटारींच्या या रस्त्यावर पायीं चालणारा क्वचितच दिसे. मग २०२० सालच्या मार्चअखेर महामारीमुळें देशभर टाळेबंदी झाली, आगगाड्या बंद पडल्या, आणि हैदराबादेकडून मजूर बायकामुलांसह याच वाटेनें उत्तरेकडे चालूं लागले. जाणार कोठें, तर मध्यप्रदेश, उत्तरप्रदेश, बिहार. म्हणजे शेंकडों मैल. त्यांच्यापाशीं नांव सांगण्यासारखा पंथ नव्हता, पुढें प्रार्थनासभा नव्हती. विनोबा जी वाट उतरत दक्षिणेस गेले होते, तीच हे उलट चढत होते. त्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतल्या रस्त्यांच्या कडेला लोकांनीं खिचडीचीं पातेलीं मांडलीं, पाण्याच्या बाटल्या वांटल्या, फुटक्या तळव्यांसाठीं चपला आणून दिल्या. आणि त्याच आठवड्यांत कित्येक गांवांनीं वेशीवर लांकडें आणि कांटेरी फांद्या आडव्या टाकून परक्यास बंदीची पाटी लावली. दोन्ही ठिकाणीं पहाऱ्यावर उभे होते ते गांवचेच तरुण होते.